लॉजची नोंदवही

ओल्डममध्ये गिरणीच्या तळ्याला लॉज म्हणतात.
नवी होते तेव्हा मला वाटलं, उतरायची जागा असेल.
आर्नल्ड हॅल्सॉल पाइप न काढताच हसला :
"आहेच की. भाडं तेवढं कुणी देत नाही."

आयुष्यभर इस्पितळात रक्तपेशी मोजल्या,
निवृत्त झाले आणि पक्षी मोजायला घेतले.
महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी आठ,
दुर्बीण आर्नल्डची, वही माझी.

हे तळं देवानं दिलेलं नाही.
इथं ओढा होता आणि नेटल्सचं रान;
मालकानं खड्डा काढला, चिकणमाती टाकली,
गुरं फिरवून फिरवून तळ तुडवला
पाणी झिरपू नये म्हणून.
सोलापूरचं सिद्धेश्वराचं तळंही माणसांनीच खोदलेलं,
पण तिथं मधोमध देऊळ,
इथं काठावर चिमणी.

इंजिनाला तहान फार.
थंड पाणी प्यायचं, कढत परत टाकायचं;
गावाच्या नळांना बर्फाच्या दाढ्या फुटल्या
तरी लॉजवर वाफ.
जत्रेत पिशवीतून जिंकलेले सोनमासे
पोरांनी घरच्यांच्या भीतीनं इथं सोडले,
आणि ते मेले नाहीत.
वीतभर झाले, हातभर झाले,
मधल्या सुट्टीत कातणाऱ्या बाया
पावाचा चुरा टाकायच्या
आणि पाणी पेटायचं,
असं आर्नल्डची आई सांगायची.

भोंगा मी इथं तीन वर्षं ऐकला.
तसाच, खालून वर चढत जाणारा.
माझे वडील त्यावर घड्याळ लावायचे
सात हजार किलोमीटर दूर,
दुसऱ्याच गिरणीच्या भोंग्यावर.
मग एका शुक्रवारी तो वाजला नाही.
त्या हिवाळ्यात लॉज पहिल्यांदा गोठला.
मी काठावर उभी, पोटात मुलगी,
आणि बर्फाखाली कुठंतरी केशरी,
दिवा मालवताना वात उरते तेवढं.

नंतर बगळा आला.
राखी, आपल्याकडचाच, तीच मान, तोच कंटाळा.
त्याला रंग दिसतो.
चमकणारे आधी गेले.
उरले ते मळकट, त्यांची पिल्लं त्याहून मळकट;
आता चिखल आणि मासा वेगळा ओळखू येत नाही.
मी यावर काही म्हणत नाही.
माझीही इरकल ट्रंकेत असते
आणि अंगावर राखाडी अनोरक.

रिकाम्या जागेवर बाकीचे आले.
चांदवे आले कपाळावर टिळा लावून,
भांडकुदळ, शेजाऱ्याच्या काड्या पळवणारे.
तुरेवाली टिबुकली पाठीवर पिल्लं घेऊन आली.
खंड्या येतो, दिसत नाही,
निळी रेघ ओढून जातो
आणि मी "पाहिला का?" म्हणून शेजारी वळते.
आर्नल्डला जाऊन सहा वर्षं झाली.

यंदा बांध तपासायचा म्हणून कौन्सिलनं पाणी उतरवलं.
तळाचं सगळं वर आलं :
लाकडी बॉबिनी, ट्रॉल्या दोन, बाबागाडीचा सांगाडा,
लोखंडी नाल ठोकलेला एकच बूट,
आणि चिखलात खुरांचे ठसे.
खरंच ती गुरं होती का, कोण जाणे;
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं,
तोवर पाऊस आला.

मासे टबांतून हलवत होते.
रुखसार, वय नऊ, शेजारच्या गल्लीतली,
कोपरापर्यंत काळी झालेली,
एकदम ओरडली.
तिच्या ओंजळीत एक होता.
नखाएवढा.
केशरी.

वहीत माशांचा रकाना नाही.
मी लिहिलं :
चांदवे एकोणीस. बगळा एक, फार जवळ.
खंड्या, फक्त आवाज.
आणि समासात, पेन्सिलीनं,
पुसता येईल असं,
एक.